माया ठेवून

दुकानात गेलं की मी कपडा आधी उलटा करते. रंग, नक्षी, किंमत सगळं नंतर. बाजूची शिवण दोन बोटांत धरायची आणि टाक्याच्या पलीकडे कापड किती उरलंय ते बघायचं. काही दुकानदारांना हे आवडत नाही. 'मॅडम, पीस एकदम फ्रेश आहे', असं ते घाईघाईने म्हणतात. त्यांना वाटतं, मी डाग शोधतेय. मी माया शोधत असते.

शिवणकामाच्या घरात हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. टीप मारल्यावर टाक्याच्या आतल्या अंगाला जे जास्तीचं कापड राखून ठेवतात, ती माया. अंग भरलं, पोर वाढलं की शिवण उसवायची आणि तेवढं सोडायचं. पुण्यातले टेलर 'मार्जिन' म्हणतात. आमच्याकडे आई अजून मायाच म्हणते. 'मुंढ्याला माया ठेवलीय', 'घेराला दोन बोटं माया आहे' ही वाक्यं मी बाराखडीच्या आधी ऐकली असतील.

हे लिहायचं कारण म्हणजे मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुली. जूनमध्ये गावाकडून येतात. पहिले दोन महिने हातातले सगळे पैसे कपड्यांवर घालवतात आणि गणपतीच्या सुमारास त्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न दिसायला लागतो, जो माझ्या चेहऱ्यावर होता: इतकं घेतलं, तरी घालायला काही का नाही? एकीने परवा सरळ विचारलं, 'मॅम, कमी पैशांत चांगलं कसं राहायचं?' मला तिला नीट उत्तर द्यायचं होतं. तासाच्या मध्ये दहा मिनिटांत ते जमलं नाही.

आमचं घर इचलकरंजीचं. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे अख्खं गाव त्या खडखडाटावर जगायला लागलं. वडील, म्हणजे आप्पा, आधी मागावर होते, नंतर कापड तपासायच्या टेबलावर गेले. त्यांच्या खिशात घडी होणारी एक छोटी भिंगाची काच असायची. ती कापडावर ठेवून एका इंचात आडवे धागे किती बसलेत ते मोजायचं. त्याला पिक म्हणतात आणि मागावरची मजुरी त्या पिकावर ठरते. घरात आई शिवण करायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. तिची मापांची वही अजून आहे. प्रत्येक बाईचं एक पान: छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाही आणि मोहरी, म्हणजे बाहीच्या तोंडाचा घेर. माझंही एक पान होतं आणि दर जूनला त्यावरचे आकडे खोडून नवे लिहिले जायचे.

पाचवीत माझा निळा स्कर्ट शिवला तेव्हा आईने खाली तीन इंच दुमड ठेवली होती. सहावीत एक इंच सोडली, सातवीत पुन्हा एक. जिथे दुमड होती तिथलं कापड उन्हाने विटलेलं नसायचं, त्यामुळे दर वर्षी एक गडद निळी रेघ उघडी पडायची. आठवीत तिसरा इंच सोडला आणि रेघा तीन झाल्या. बाकावरच्या एका मुलीने त्या मोठ्याने मोजल्या, एक, दोन, तीन, आणि मागचे दोन बाक हसले. घरी येऊन मी स्कर्ट आईपुढे टाकला आणि तो पुन्हा घालणार नाही म्हणाले. आईने काही समजावलं नाही. तिने डब्यातून पांढरी फीत काढली, तिन्ही रेघांवर एकेक लावली आणि सकाळी स्कर्ट माझ्या हातात दिला. शाळेत बाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गल्लीतल्या दोन मुलींच्या आया तशीच फीत लावून द्या म्हणून आमच्या दारात आल्या. कपड्याला स्वतःची ओळख देता येते आणि ती पैशाने येत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्या वयात ते शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्या दिवसानंतर शाळेत जाताना मी मान खाली घातली नाही.

२०१५ च्या जूनमध्ये मी पुण्याला आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. एका खोलीत चौघी. कॉटचे २२०० आणि मेसचे २००० दिले की कपड्यांसाठी वर्षाला ४००० रुपये निघायचे. पहिल्या तीन महिन्यांत मी त्यातले २६५० उडवले. तुळशीबाग, लक्ष्मी रोडच्या कडेचे स्टॉल, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. अकरा कपडे आले. दिवाळीला घरी जायला बॅग भरली तेव्हा त्यातले चारच घालण्यासारखे उरले होते. एकाचा रंग गेला होता, दोन आटले होते. एका कुर्तीची बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पोटावर आली होती. हे का होतं, ते आप्पांनी नंतर सांगितलं. कापड वाचवण्यासाठी तुकडे उभ्या धाग्याला सरळ न धरता तिरके कापतात. पहिल्या धुण्यात धागा आपल्या जागी जायला बघतो आणि कपडा पिळवटतो. दुकानात तो इस्त्रीखाली सरळ दिसतो.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी. वहीत हिशेब मांडला. २५० रुपयांची कुर्ती चार वेळा घातली, म्हणजे एका वेळेचे साडेबासष्ट रुपये. आईने कटपीसमधून, म्हणजे ताक्याच्या उरलेल्या तुकड्यातून, शिवून दिलेला कुर्ता कापडासकट ३१० रुपयांत पडला होता. तो त्या वर्षी साठेक वेळा घातला, म्हणजे एका वेळेचे पाच रुपयांच्या आसपास. स्वस्त आणि महाग हे शब्द मी त्या दिवसापासून वेगळ्या अर्थाने वापरते.

त्या अकरांतली एक कुर्ती मला मनापासून आवडली होती. मोरपंखी, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांची. पण छातीवर ओढत होती. आमच्या गल्लीत एका जिन्याखाली अल्टरेशनचं काम करणारे काका बसायचे. मी ती त्यांच्याकडे नेली. त्यांनी एका झटक्यात उलटी केली, शिवणीवर नख फिरवलं आणि परत दिली.

'ताई, आत घ्यायचं असेल तर पाहिजे तेवढं घेतो. सोडायला आत कापडच नाही.'

तेव्हा मी पहिल्यांदा रेडिमेड कपडा आतून नीट बघितला. ओव्हरलॉकचं मशीन शिवता शिवताच कडेचं कापड छाटत जातं. राहतं जेमतेम पाव इंच. हजारो नगांवर प्रत्येकी तेवढं कापड वाचलं की कारखान्याचा फायदा होतो, हे मला समजतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तो कपडा ज्या मापाचा निघाला त्याच मापाचा राहणार. वजन वाढलं, कपडा आटला, धाकटीला द्यायचा झाला, त्यात जागाच नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझे पुढचे कितीतरी पैसे वाचवले. 'खांदा बघून घ्या. बाकी सगळं मी करून देतो, कंबर, उंची, बाही. खांदा चुकला की कपडाच चुकला.' माझे खांदे अंगाच्या मानाने रुंद आहेत, पंधरा इंच. दुकानातला मीडियम मला खांद्यात काचायचा आणि लार्ज बाकी ठिकाणी पोत्यासारखा व्हायचा. मी वर्षभर मीडियम घेऊन अंगालाच दोष देत होते. त्यानंतर मी लार्ज घेऊन काकांकडून बाजूने आत घ्यायला लागले. चाळीस रुपये. तीच साधी कुर्ती अंगावर अशी बसायची की वर्गातल्या मुली 'कुठून शिवलीस?' म्हणून विचारायच्या.

मीडियम म्हणजे नक्की कोणाचं मीडियम, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. आपल्या अंगांचा स्वतःचा असा मापतक्ताच आपल्याकडे नव्हता. बाहेरच्या देशांचे तक्ते थोडेफार फिरवून चालवले जायचे. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने पुढे मुंबईसह ६ शहरांत २५,००० माणसांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. ती बातमी वाचताना मला आईची वही आठवली. दोनशे पानं, प्रत्येक पानावर एक खरं अंग आणि एकीचंही माप दुसरीसारखं नाही.

खोलीतली माझी एक मैत्रीण लातूरकडची होती. ती सरकारी शिष्यवृत्तीच्या पैशांवर शिकत होती. तिच्याकडे तीन ड्रेस होते, मोजून तीन. मी तिला कधी चुरगळलेल्या कपड्यात बघितलं नाही. रात्री ड्रेसची घडी गादीखाली सरळ करून ठेवायची. सुती ओढण्यांना साबुदाण्याची खळ करायची आणि अर्धवट ओल्या असतानाच हाताने ताणून वाळत घालायची. बटण सैल झालं की तुटायच्या आधीच दोरा घालायची. एका रविवारी मी काहीतरी खरेदी करून आले आणि तिला म्हणाले, 'तूही घे की एखादा, दीडशेलाच आहे.' ती खळीचं पातेलं ढवळत होती. म्हणाली, 'माझी आजी सांगायची, महाडला बाबासाहेबांनी बायांना काय सांगितलं होतं ते. लुगडं फाटकं असंना, स्वच्छ पाहिजे. अन् नेसायचं असं की बघणाऱ्याला तुमची जात कळू नये.'

डिसेंबर १९२७ ची ती महाडची परिषद. मनुस्मृती जाळली ते आपण शाळेत वाचतो. त्याच वेळी तिथे जमलेल्या बायकांपुढे डॉ. आंबेडकर लुगडं कसं नेसावं, ओळख सांगणारे जड दागिने का टाकावेत, घर आणि कपडे स्वच्छ का ठेवावेत हे बोलले होते. मी ते नंतर लायब्ररीत शोधून वाचलं. कपड्यांचा विचार करणं म्हणजे उथळपणा, असं मला कॉलेजातल्या काही हुशार मंडळींनी ऐकवलं होतं आणि मी ते खरं मानून गप्प बसत होते. त्या दिवशी मला त्याचं उत्तर मिळालं. ज्यांच्या अंगावर काय असावं हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांना विचारा कपडा किती वरवरचा असतो. पुण्याच्या वर्गात जाताना काय घालायचं हे माझं मी ठरवणं मला तेव्हापासून क्षुल्लक वाटलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी आप्पा पुण्याला आले. त्यांना लक्ष्मी रोड बघायचा होता. एका दुकानात त्यांनी सवयीने खिशातली काच काढली आणि छापील सुती कापडाच्या ताक्यावर ठेवली. दुकानदार बघत राहिला. आप्पा हळू आवाजात म्हणाले, 'हे आपल्याकडचं असणार.' इचलकरंजीचं ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं, रंगवायला आणि छापायला बालोतरा, जेतपूर, अहमदाबादकडे जातं आणि तिकडून दुसऱ्याच नावाने बाजारात येतं. आप्पांनी आयुष्यभर विणलेलं आणि तपासलेलं कापड त्यांना रंगीत झालेलं क्वचितच दिसलं होतं. त्यांनी ताक्यावरून हात फिरवला, मग कोपरा धरून उजेडापुढे केला. 'विरळ जागा दिसली तर घेऊ नको. गाठ दिसली तर चालतंय, गाठ म्हणजे कुणीतरी तुटलेला धागा जोडलाय.'

त्या दिवसापासून मी तयार कपडा कमी आणि कापड जास्त घ्यायला लागले. कटपीसच्या दुकानात ताक्याचे शेवटचे तुकडे स्वस्तात मिळतात. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोठा असेल तर अडीच मीटरमध्ये पूर्ण बाह्यांचा कुर्ता होतो आणि खिशाला पुरून उरतं. खिसा हवाच. मुलींच्या कपड्यांना खिसा नसणं ही मला आजही अन्यायाची गोष्ट वाटते. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच आईकडे पाठवायचं, म्हणजे जे काही आटायचं ते शिवायच्या आधी आटतं. चौकडी असेल तर बाजूच्या शिवणीला चौकट चौकटीला जुळवायला सांगायचं. त्याला कापड थोडं जास्त लागतं, पण जुळलेल्या चौकटी इस्त्री नसली तरी शोभतात.

हळूहळू एक ठराविक गोष्ट होत गेली. माझी मान आखूड आहे, बंद गळा मला दाटतो, म्हणून उघडा टोकदार गळा. बाह्या कोपराच्या खाली, कारण फळ्यावर लिहिताना त्या वर सरकवायला बऱ्या पडतात. रंग निळा, पांढरा, विटकरी. तिन्ही एकमेकांवर चालतात, त्यामुळे तीन कुर्ते आणि दोन सलवारींचे सहा जोड होतात. सुरुवातीला 'परत तोच?' असं मुली म्हणायच्या आणि मला ते टोचायचं. फोटोंचे दिवस होते. एक ड्रेस दोन फोटोंत दिसला तरी काहींना अपराधी वाटायचं. मी मात्र ठरवलं की परत तोच घालायचा, तो नीट बसतोय ना? एम.एस्सी.ला आले तोपर्यंत निळ्या चौकडीचा कुर्ता लांबून दिसला की लोक माझं नाव घ्यायचे. दुसऱ्या एखाद्या मुलीने तसा कुर्ता घातला, तर तिलाही माझ्या नावाने हाक मारायचे. स्टाईल म्हणतात ती रोज नवं घालून येते असं मला वाटत नाही. तेच तेच, पण नीट विचार करून घातलं की ती अंगाला चिकटते.

चपलांबद्दल थोडक्यात: उन्हाळ्या-हिवाळ्याला एक कोल्हापुरी, पावसाळ्याला एक रबरी. कोल्हापुरी भिजवू नका. एवढंच.

एक गोष्ट मी कधी केली नाही आणि मुलींनाही करू नका म्हणते. शिलाईच्या पैशांत घासाघीस. कपड्याच्या भावात हवी तर करा, दुकानदार त्या हिशेबानेच भाव सांगतो. पण जिन्याखाली बसलेल्या माणसाने चाळीस सांगितले की चाळीस द्यायचे. माझ्या आईने एका ब्लाउजचे पंधरा रुपये घेतले आहेत आणि त्यातले पाच कमी करून घेणाऱ्या बायका मी दारात उभं राहून बघितल्या आहेत.

२०२१ च्या मार्चमध्ये फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि एका रात्रीत शेकडो गाळे जळाले. मी तोवर तिथून काही घेणं बंद केलं होतं. तरी ती दृश्यं बघताना एक चाचा आठवले, जे मला नेहमी 'बेटा, ये तुझपे छोटा पडेगा' म्हणून कपडा परत ठेवायला लावायचे. विकायला बसलेल्या माणसाने असं सांगणं ही मोठी गोष्ट आहे.

आता त्या कोटाबद्दल.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या येणार होत्या. सूचना होती: फॉर्मल्स. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त ब्लेझरची किंमत माझ्या वर्षाच्या कपड्यांच्या पैशांइतकी होती आणि आतून तो कागदासारखा होता. मी रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले. मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरतो तो. बोहारणीने भांड्यांवर घेतलेले कपडे शेवटी कुठे जातात, हे मला तिथे दिसलं. ढिगात एक काळपट राखाडी पुरुषी कोट होता, लोकरीचा, शिवून घेतलेला. मी तिथेच उभ्या उभ्या घातला. खांदा बरोबर. बाह्या लांब, कमरेत ढगळ, खाली नितंबांवर घट्ट. उलटा केला. पाठीच्या शिवणीला दीड इंच माया होती. मी दीडशे रुपये दिले आणि भाव केला नाही.

घरी आईने ब्लेडच्या टोकाने पाठीची शिवण उसवली. मी शेजारी बसून दोरे वेचत होते. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद होतं, कधी ऊन न लागलेलं. अस्तराच्या आत एका ठिकाणी कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा तसाच राहून गेला होता. कोणा टेलरने किती वर्षांपूर्वी घातला असेल? ज्याच्यासाठी शिवला तो माणूस आणखी जाड होईल, कोट त्याच्याकडे बरीच वर्षं राहील, असं धरून त्याने ते दीड इंच आत ठेवलं होतं. आई बराच वेळ ते काम बघत होती. 'हात चांगला होता गं त्याचा', ती म्हणाली. मग तिने नितंबापाशी एक इंच सोडला, कमरेत आत घेतलं, बाह्या दोन इंच वर घेतल्या आणि जास्तीचं कापड कापून न टाकता बाहीच्या आत दुमडून शिवलं. बटणं पुरुषांच्या बाजूला होती, ती तशीच ठेवली.

जिथे सोडलं होतं तिथे पाठीवर खाली एक गडद उभी रेघ उमटली. दमट फडकं ठेवून इस्त्री केली, तरी गेली नाही. मी इंटरव्ह्यूला तसाच घातला. ती रेघ कोणाला दिसली की नाही मला माहीत नाही. मी ताठ बसले होते, कारण कोट मला ताठ बसू देत होता. नोकरी लागली. दोन वर्षांनी ती सोडून मी शिकवायला लागले. कोट आजही माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या कॉलेजात कंपन्या येणार आहेत आणि तिला कोट हवाय. खांदे आमचे सारखे, पण ती अंगाने माझ्यापेक्षा भरलेली. मी कोट घेऊन घरी गेले. आईने चष्मा लावला, कोट उलटा केला, पाठीची शिवण दोन बोटांत धरून खिडकीकडे नेली आणि अंगठ्याच्या नखाने मोजलं.

'अजून अर्धा इंच आहे', ती म्हणाली आणि ब्लेड शोधायला उठली.